पहिल्या स्क्रूवरची रेघ

१

घर नाहीसं झालं होतं.

थोरलीने फोल्डर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. नाव जागच्या जागी होतं, 'घर'. आत काहीच नव्हतं.

हे घर बाबांनी लॅपटॉपवर बांधलं होतं. बाबा जन्मभर नाटकांचे सेट करत आले. म्हातारपणी, हात थरथरायला लागल्यावर, हट्टाने त्रिमितीतली चित्रं काढायला शिकले आणि आजारपणातल्या सगळ्या दुपारी त्यांनी या एका घरावर घालवल्या. जिना, माडी, एका बाजूला सरकलेली खिडकी. येणाऱ्या नाटकाचा हा सेट त्यांचा शेवटचा असणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. बाबांना जाऊन महिना होत आला होता. आज ते मॉडेल नाटक कंपनीला पाठवायचं म्हणून थोरली बसली, तर ही गत.

तेवढ्यात दिग्दर्शक बाईंचा फोन आला.

"मॉडेलचं काय झालं गं?"

"शोधतेय."

"नाही सापडलं तरी अडणार नाही. खिळ्या म्हणतो, सेट त्याला पाठ आहे, आठवणीतून उभा करतो. पण पोस्टर छपाईला जायचंय. नेपथ्य म्हणून नाव कुणाचं टाकू?"

खिळ्या म्हणजे बाबांचा चेला. अंगाने काटकुळा, आणि काम करताना तोंडात कायम चार खिळे धरलेले, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव.

"थांबा जरा," थोरली म्हणाली. "मी सांगेपर्यंत काही छापू नका."

तिने फोन ठेवला. थोरली पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या, त्यामुळे संशय घेणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योगच होता. मॉडेल गायब होतं आणि चेल्याला मात्र ते पाठ होतं. ही जुळणी तिला आवडली नाही.

तिने लॅपटॉप पालथा घातला.

तळाच्या स्क्रूंवर बाबांच्या लाल रेघा होत्या. ही त्यांची जुनी सवय. सेट उभा राहिला की ते प्रत्येक सांध्याच्या स्क्रूवर, त्याच्या डोक्यावरून लाकडापर्यंत, एक बारीक लाल रेघ ओढायचे. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते, आणि प्रयोगाआधी नुसती बॅटरी मारून सांगता येतं की कुठला सांधा ढिला झालाय. लॅपटॉप घरात आला त्या दिवशी आत्याची नेलपॉलिश पळवून त्यांनी त्याच्याही तळावर तशाच रेघा ओढल्या होत्या. आत्या चार दिवस कुरकुरत होती.

थोरलीने दिवा जवळ ओढला. एका कोपऱ्यातल्या स्क्रूवरची रेघ नव्हती. कुणीतरी ती खरवडून काढली होती.

२

"मी हातसुद्धा लावलेला नाही," धाकटा म्हणाला. अजून त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तिशी उलटली तरी घरात धाकटाच. ऑफिसातून आला की कॉम्प्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळत बसायचा.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

"बाबांना, मला आणि खिळ्याला. तुला तर मी आज सकाळीच सांगितला. ताई, तू माझी उलटतपासणी घेतेयस का?"

"घेतेय. बस."

तो बसला. "लॅपटॉपचं कार्ड बदलायचं खूळ बाबांच्या डोक्यात कुणी भरलं?" तिने विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली. "मीच. बाबा मॉडेल फिरवायला गेले की लॅपटॉप धापा टाकायचा. जिना दिसायचा तर माडी अडकायची. मी म्हटलं, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं फिरवणारा भाग, कमी पडतंय, मोठं बसवलं की पळेल. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं मी स्वतः बदललंय. झाकण काढायचं, जुनं उपसायचं, नवं खोचायचं. बल्ब बदलण्यासारखं."

"आणि लॅपटॉपचं?"

"तेही तसंच असेल असं वाटलं. मी बोलून गेलो आणि बाबांनी धोशाच लावला. मला सुट्टी मिळेना, तर खिळ्या म्हणाला, मी बदलून आणतो."

स्वयंपाकघरातून आत्या हात पुसत आली. बाबांची ही धाकटी बहीण, शेवटचे दोन महिने त्यांच्या उशाशी बसून होती. बोलायला फटकळ, आणि आपल्याला वगळून काही चाललंय याचा वास तिला भिंतीपलीकडून यायचा.

"कार्ड बसवलं आणि काय सांगू, घर कसं गरागरा फिरायला लागलं!" आत्या म्हणाली. "दारातून आत, जिन्याने वर, खिडकीपाशी. कुठे म्हणून अडकेना. तुझा बाप नुसता बघत बसायचा. आधी तो आतला पंखा काय बोंबलायचा! नंतर चूं की चां नाही."

"खिळ्याने आणून दिल्यावर आणखी कुणी लॅपटॉपला हात लावला?"

"कोण लावणार? मला तो उघडता येत नाही आणि हा घरात असतो कधी?" आत्याने धाकट्याकडे हात उडवला. मग तिचा आवाज खाली आला. "त्याच दिवसांत एकदा मला भीतीच वाटली बघ. त्याच्या नखात लाल दिसलं. म्हटलं, रक्त येतंय की काय. डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, रक्त नाही, काहीतरी लागलंय, पुसून घ्या. पुसलं तरी पुरतं गेलं नाही."

थोरलीलाही ते आठवत होतं. शेवटच्या दिवशी तो हात तिच्याच हातात होता. तिने विषय बदलला.

"खिळ्या आता कुठे असेल?"

"कारखान्यात," धाकटा म्हणाला. मग घुटमळत, "ताई, एक सांगू? बाबा गेल्यापासून तो आपल्या घरी एकदाही आलेला नाही."

३

नाटक कंपनीचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेले कुणाकुणाचे दरवाजे आणि कुठेच न जाणारे जिने.

खिळ्या एका बंद पडलेल्या नाटकाच्या सेटपाशी उभा होता. सेट मोडायचा होता. सुतार हत्यारं घेऊन थांबले होते. खिळ्या वाकला, बाबांच्याच रिवाजाप्रमाणे चौकटीच्या पहिल्या स्क्रूवरची लाल रेघ त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडली आणि बाजूला झाला.

"चला. आता तुमचं."

सुतार सेटवर तुटून पडले. खिळ्या वळला आणि थोरलीला बघून त्याच्या तोंडातला एक खिळा खाली पडला.

"ताई! तुम्ही इकडे कशा?"

"बाबांचं मॉडेल लॅपटॉपमध्ये नाहीये."

खिळ्याने उरलेले खिळे एकेक करून तळहातावर काढले. तेवढा वेळ त्याला मिळाला. थोरलीला तो वेळ खटकला.

"दुकानात काहीतरी गडबड झाली असणार," तो म्हणाला. "कार्ड बदलायला त्यांनी सगळा उघडला होता. उघडताना काय उडालं असेल ते असेल."

"तुझ्या डोळ्यांदेखत उघडला?"

"हो. म्हणजे, मी बाहेर होतो. बाकड्यावर."

"आणून दिलास तेव्हा मॉडेल आत होतं?"

"होतं ना. म्हणजे, असणार. मास्तरांनी बघितलं की." बाबांना तो मास्तरच म्हणायचा.

दर वाक्याला हा माणूस एक पाऊल मागे जात होता. थोरलीची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. नखात लाल रंग भरलेला होता.

"बाई म्हणत होत्या, तुला सेट पाठ आहे."

"मास्तरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, ताई. थोडंफार राहतंच डोक्यात."

"थोडंफार," थोरली म्हणाली.

त्याच्यामागे टेबलावर एक मोठा छापील कागद पसरला होता. त्यावर घर होतं. जिना होता आणि जिन्याच्या वळणावर, भिंतीत कोरलेला एक छोटा कोनाडा होता. बाबांनी तो कोनाडा अगदी शेवटी घातला होता, लॅपटॉप खिळ्याकडे जायच्या आदल्या संध्याकाळी. थोरली तेव्हा शेजारीच बसली होती. खिळ्या त्या आठवड्यात घरी आलाच नव्हता. तो आला तो थेट लॅपटॉप न्यायला.

न पाहिलेला कोनाडा कुणाच्या आठवणीत कसा असेल?

४

दुरुस्तीवाल्याचं दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. काउंटरवर उघडे लॅपटॉप, वर भिंगाचा दिवा. दुरुस्तीवाला गुबगुबीत, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काय होतंय पेशंटला?" त्याने विचारलं.

थोरलीने लॅपटॉप पुढे केला. "याचं ग्राफिक्स कार्ड तुम्ही बदललंत. तेव्हापासून आतलं काम गायब आहे."

दुरुस्तीवाल्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि हात मागे घेतले. "अहो बाई, उगाच माझ्या गळ्यात घालू नका. हा मी उघडलेलाच नाही."

"ज्याने आणून दिला तो म्हणतो, उघडलात."

"तो उंच, सुतळीसारखा? आला होता की. याच बाकड्यावर बसून मला गळ घालत होता. मी त्याला परत पाठवला."

"का?"

"कारण होत नाही! रोज एक तरी येतो हे विचारत. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड वेगळं असतं, खोचलेलं. लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डावरच सोल्डर करून कायमची जोडलेली असते. मेमरी वाढवून देईन, डिस्क बदलून देईन. पण ग्राफिक्स बदलायचं तर अख्खा बोर्ड बदला, म्हणजे लॅपटॉपच बदलल्यासारखं झालं. काही जुने, जाडजूड लॅपटॉप होते, त्यांत कार्ड सुटं निघायचं. काहींना बाहेरून कार्डाची पेटी जोडता येते. तुमच्या याला यातलं काहीच चालत नाही. हेच त्याला सांगितलं."

"आणि तो?"

"मलाच विचारतो, 'नाही म्हणून कसं सांगू?' म्हटलं, तोंडाने सांगा."

थोरली त्याच्याकडे रोखून बघत राहिली. हाही खोटं बोलत असेल. काम बिघडवलं असेल तर कुठला दुकानदार कबूल करतो? एकजण म्हणतो उघडला, दुसरा म्हणतो नाही. साक्षीदार कुणी नाही.

पण साक्षीदार होता. तिने लॅपटॉप भिंगाच्या दिव्याखाली पालथा घातला.

"हे झाकण काढायचं तर किती स्क्रू काढावे लागतात?"

"सगळे. एकही राहिला तरी झाकण हलत नाही."

कोपऱ्यातला तो एक स्क्रू उघडाबोडका होता. बाकी प्रत्येक स्क्रूवर बाबांची रेघ, धातूपासून प्लास्टिकपर्यंत, कुठेही न मोडलेली.

लॅपटॉप कुणीच उघडला नव्हता. दुरुस्तीवाला खरं बोलत होता आणि खिळ्या खोटं.

"मग मला एक सांगा," ती सावकाश म्हणाली. "कार्ड तेच, लॅपटॉप तोच. तर ते घर न अडकता फिरलं कसं?"

दुरुस्तीवाल्याने चष्मा परत कपाळावर चढवला. "ते मला विचारू नका. ज्यांनी बघितलं त्यांना विचारा."

५

"घर फिरत होतं तेव्हा बाबांचा हात कुठे होता?" थोरलीने घरात शिरता शिरताच विचारलं.

आत्या दचकली. "हात? पांघरुणावर. नाहीतर माझ्या हातात."

"लॅपटॉपवर नाही?"

"कशाला? ते आपलंआपण फिरायचं."

"दर वेळी वेगळीकडे?"

"छे गं. दर वेळी तेच. दार, जिना, तो कोनाडा, खिडकी. खिडकीतून उजेड यायचा आणि संपायचं."

थोरली धाकट्याकडे वळली. "आत एखादी फिल्म आहे का बघ."

धाकट्याने शोधलं. सापडायला वेळ लागला नाही, दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये पडून होती. त्याने ती चालू केली. दार उघडलं, नजर आत शिरली, जिना चढली, कोनाड्यापाशी जरा रेंगाळली आणि खिडकीशी आली. लॅपटॉप गारच्या गार. पंख्याचा आवाज नाही.

"हेच! हेच ते," आत्या म्हणाली आणि पदराआड तोंड लपवून आत निघून गेली.

"हे मॉडेल नाहीच," धाकटा पुटपुटला. "दुसऱ्या दणकट मशिनवर मॉडेल चालवून त्याची फिल्म काढलीय. फिल्म दाखवायला काही लागत नाही. साधा फोनसुद्धा दाखवेल." त्याने लॅपटॉपची माहिती उघडली. "कार्ड जुनंच आहे. आपण सगळेच मूर्ख बनलो."

"म्हणजे खिळ्याने मॉडेल स्वतःकडे उतरवून घेतलं. फिल्म बनवली, बाबांच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि इथलं मॉडेल पुसून टाकलं." थोरलीला स्वतःचा आवाज परका वाटला. मरायला टेकलेल्या माणसाला फसवायचं, वर त्याचं काम आपल्या नावावर लावायचं. तिने बाईंना लावायला फोन उचलला.

"ताई, थांब." धाकटा पडद्यावर वाकला होता. "फोल्डर रिकामा कधी झाला ते इथे दिसतंय. खिळ्याने लॅपटॉप रविवारी आणून दिला. फोल्डर रिकामा झालाय मंगळवारी दुपारी."

"मंगळवारी तो आला असेल."

"नाटकाचा दौरा होता. तो सोमवारीच कंपनीबरोबर बाहेरगावी गेला. मीच त्याला बसपाशी सोडलं. आणि मी मंगळवारी ऑफिसात होतो, हवं तर विचारून घे."

थोरलीने फोन लावलाच. पण बाईंना विचारलं एवढंच, की मंगळवारी दुपारी खिळ्या कुठे होता. "माझ्यासमोर," बाई म्हणाल्या. "सेट लावत होता."

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. "आत्या, रविवारी लॅपटॉप आला तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी काय केलं?"

आत्याने डोळे पुसले. "चष्मा मागितला. मग मला म्हणाला, तो पालथा घाल. बराच वेळ बघत होता. मग पोरासारखा हसला आणि म्हणाला, 'खिळ्या अजून कच्चा आहे.' मला वाटलं, वातात बोलतोय."

थोरलीने मनात हिशेब मांडला. मंगळवारी दुपारी, ती स्वतः कामावर असताना, घरात दोनच माणसं होती. त्यातल्या एकीला लॅपटॉप उघडता येत नव्हता.

६

खिळ्या बोलावल्यावर आला, पण उंबरठ्यातच थांबला. टेबलावर पालथा घातलेला लॅपटॉप त्याला दिसला होता.

"बस," थोरली म्हणाली. "आणि या वेळी खिळे तोंडात नाहीत, तेव्हा लगेच बोल."

तो बसला नाही. "माझ्याकडे आहे मॉडेल, ताई. पहिल्यापासून आहे." मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. "दुकानदार म्हणाला, होत नाही. मी बाहेर येऊन उभा राहिलो. मास्तरांना कसं सांगू? त्यांनी माझ्याकडे इतक्या वर्षांत दुसरं काही मागितलं नव्हतं. कंपनीच्या स्टुडिओत मोठं मशीन आहे. त्यावर मॉडेल उतरवलं, फिल्म काढली आणि सांगितलं, कार्ड बसवलं. ते बघत होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती."

"आणि इथलं मॉडेल?"

"तुम्ही म्हणालात गायब आहे, तेव्हा मला वाटलं, चूक माझीच. उतरवून घेताना माझ्याच हातून पुसलं गेलं असणार. ते सांगायचं तर आधीचं खोटंही सांगावं लागलं असतं. मास्तर गेले ते माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मॉडेल तू पुसलेलं नाहीस," थोरली म्हणाली. "आणि बाबांनी तुझ्यावर विश्वासही ठेवला नव्हता."

खिळ्याने पालथ्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"त्यांनी आधी लॅपटॉप पालथा घातला. सगळ्या रेघा जागेवर होत्या. लॅपटॉप उघडलाच नाही, म्हणजे कार्ड नाही. कार्ड नाही आणि घर फिरतंय, म्हणजे फिल्म. फिल्म तुझी, म्हणजे मॉडेल तुझ्याकडे पोचलं. रेघ ओढायला तुला त्यांनीच शिकवलं आणि तू तीच विसरलास. म्हणाले, अजून कच्चा आहे."

"कळूनही ते बघत राहिले?"

"रोज. आत्याला विचार."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि कोपऱ्यातल्या उघड्या स्क्रूवर बोट ठेवलं. "मला आधी वाटलं, हा तू खरवडलास. तुझं नख बघितलं होतं मी. पण एकच स्क्रू खरवडून कुणाला काय मिळणार? झाकण तर निघत नाही. हा कुठला स्क्रू आहे, सांग."

खिळ्या वाकला. तळाचे स्क्रू त्याने सेटसारखेच डावीकडून मोजायला सुरुवात केली आणि पहिल्यावरच थांबला.

"आत्याने बाबांच्या नखात लाल बघितलं. मीही बघितलं," थोरली म्हणाली. "मंगळवारी दुपारी, आत्या आत असताना, त्यांनी इथलं मॉडेल पुसलं, कारण ते आता तुझ्याकडे होतं. फिल्म ठेवली. मग पहिल्या स्क्रूवरची रेघ काढली. त्यानंतर काय म्हणायचं असतं, ते तुला माहीत आहे."

खिळ्या आता बसला. चेहरा दोन्ही हातांत धरून त्याने जे म्हटलं, ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही. पण शब्द दोनच होते, 'आता तुमचं', आणि घरात सगळ्यांना ते ओळखू आले. आत्याने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आपटला. "सुतळी कुठली," ती म्हणाली. "महिनाभर तोंड दाखवलं नाहीस."

थोरलीने बाईंना फोन लावला. "पोस्टरवर दोन नावं टाका."

"माझं नको," खिळ्या उठला. "मास्तरांचं एकट्याचं टाका, ताई."

तिने फोनवर हात ठेवला. "तुझं नाव मी घालत नाहीये. ते बाबांनी घातलंय. बाबांचं तेवढं मी घालतेय. माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, त्यांचं तर ऐकशील?"

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी रंगमंचावर घर उभं राहिलं. जिना, माडी, कोनाडा. थोरली पहिल्यांदाच त्या घरात पाय ठेवत होती आणि तरी तिला सगळं ठाऊक होतं. सुतार कडेला उभे होते. खिळ्याने लाल रंगात बुडवलेला बारीक कुंचला तिच्यापुढे धरला.

"पहिली रेघ मास्तर ओढायचे. आज तुम्ही ओढा."

ती गुडघ्यावर बसली. स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत रेघ ओढली. रेघ मधेच थोडी वाकली.

"वाकडी आली," ती म्हणाली.

खिळ्याने बॅटरी मारून रेघेवर बराच वेळ उजेड धरला, बाबा धरायचे तसाच.

"असू दे, ताई," तो म्हणाला. "अखंड आहे."